पहिली फेरी पाहणीची

काका बुफेला जेवायला जात नाहीत, तपासणीला जातात. उभी नोकरी बँकेत झाली, त्यातली निम्म्याहून अधिक इन्स्पेक्शन खात्यात. समोर येईल ते आधी तपासायचं आणि मगच सही करायची, ही सवय हाडीमाशी खिळलेली. निवृत्तीनंतर रत्नागिरीला घर बांधलं, अंगणात हापूसची दोन कलमं लावली. पण तपासायला शाखा उरल्या नाहीत ही बोच राहिलीच. ती आता बुफेवर अधिकच निघते.

पद्धत ठरलेली आहे. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या ताट उचलणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी. काका एक हात पाठीमागे धरतात आणि पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत सावकाश चालत जातात. झाकण उचलायचं, आत डोकावायचं, झाकण ठेवायचं. चेहऱ्यावर पसंती नाही, नापसंती नाही. पलीकडे उभे असलेले आचारी उगाचच आपल्या टोप्या सारख्या करतात. वाटेत कोणी ओळखीचं भेटलं आणि "काय काका, अजून सुरुवात नाही?" म्हणालं, की उत्तर एकच : "पहिली फेरी पाहणीची."

पाहणी संपली की निकाल. सूप बाद. "सूप म्हणजे पाणी. पाणी घरी मिळतं." सॅलड सजावटीचं. पाव, नान, पुरी, पुलाव हे सगळे हॉटेलवाल्याचे हस्तक, गिऱ्हाइकाचं पोट आतून ताब्यात घ्यायला नेमलेले. भाताला तर शेवटची दहा मिनिटं उरल्याशिवाय हात लावायचा नाही, हा कायदा. बटाटा दिसला की काका दुखावतात. "बटाट्याचे पैसे दिलेत का आपण?" असं ते आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू विचारतात.

पूर्वतयारीचंही शास्त्र आहे. रात्री बुफे असेल तर सकाळी पोहे अर्धी बशी, दुपारी चहा आणि दोन खारी. "अगदी उपाशी राहायचं नाही. आतडी आकसतात." हे वैद्यकीय ज्ञान कुठून आलं हे कळायला मार्ग नाही, पण आमच्या घराण्यातली तीन पिढ्यांची मुलं ते ऐकत मोठी झाली. 'पोटाचे आठ भाग भरले की थांबावं' अशी जपानी लोकांत एक शिकवण आहे, ती मी एकदा काकांना मोठ्या कौतुकाने सांगितली. त्यांनी विचारलं, "आणि उरलेल्या दोन भागांचे पैसे परत देतात का?"

पुण्यातल्या एका थाळीवाल्याकडे मे महिन्यात आमरस अमर्याद होता. काका बसले, वाटी पुढे ओढली आणि डावा हात ताटावर आडवा धरला. वाढपी पुऱ्या घेऊन यायचा, हात हलायचा नाही. बटाट्याची भाजी आली, हात हलला नाही. वाटी मात्र भरत होती आणि रिकामी होत होती. शेवटी मालक स्वतः आले, हात जोडून म्हणाले, "काका, पुरी आवडली नाही का आमची?" काका म्हणाले, "पुरी उत्तम आहे. म्हणूनच म्हणतो, तुमच्याकडे राहू दे."

पण हेच काका लग्नाच्या बुफेत दोन मुदी वरणभात आणि एक जिलबी खाऊन उठतात. "आहेर दिला तो दिला. तो कापून घ्यायचा नसतो." पर्समध्ये केळी टाकणाऱ्या, कागदी रुमालात केक गुंडाळणाऱ्या लोकांकडे ते बघतसुद्धा नाहीत. आणि ताटात काही टाकणं हे तर त्यांच्या दृष्टीने अफरातफरीच्या जातीतलं पाप. घेतलं ते संपवायचं. वसुली वेगळी आणि नासाडी वेगळी. हा माणूस हावरट नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. त्याला फक्त जमाखर्च जुळलेला लागतो.

तो जुळत नाही, याचं कारण काकू.

काकूचं बुफेतलं वाक्यही ठरलेलं आहे : "मला काही नको, मी आपलं चवीपुरतं घेते." मग ती प्रत्येक पदार्थाचा एकेक चमचा घेते. एकही सोडत नाही; सोडलं तर त्या पदार्थाला वाईट वाटेल अशी तिची समजूत असावी. ताटात पंधरा-वीस छोटे ढीग होतात. ती शांतपणे एकेक चाखते. आवडलं ते खाते. नाही आवडलं ते चमच्याने उचलून शेजारच्या ताटात ठेवते आणि म्हणते, "अहो, हे जरा बघा तुम्ही."

हा प्रश्न नसतो, विनंतीही नसते. आणि टाकायचं नाही हा कायदा ज्याने केला तोच शेजारी बसलेला असतो. मटणावर नेम धरून, दुपारपासून खारीवर दिवस काढून आलेले काका मग रशियन सॅलड खातात, गार झालेलं मंचुरियन खातात, अननस घातलेलं न जाणे काय काय खातात. घरी येऊन "आज काही वसूल झालं नाही" म्हणत येरझाऱ्या घालतात. इतकी वर्षं इतक्या शाखांचे घोटाळे शोधलेल्या माणसाला आपल्याच ताटातली ही गळती दिसू नये, याचं मला लहानपणापासून आश्चर्य वाटत आलंय.

ही दोघं गेल्या शरद ऋतूत माझ्याकडे टोकियोला आली. मी राहतो निशी-कासाईला. तिथे भारतीय इतके आहेत की काकूला पहिल्याच दिवशी पोहे, तूरडाळ आणि मोहरीचं तेल बघून हायसं वाटलं, आणि काका खट्टू झाले. "एवढं विमानाचं भाडं देऊन वरणभात खायचा?" टोकियोत त्यांना सगळ्यांत काय आवडलं असेल, तर हॉटेलांच्या दर्शनी काचेत मांडलेले प्लॅस्टिकचे पदार्थ. हुबेहूब नूडल्सचा वाडगा, हुबेहूब तळलेली कोळंबी, आणि प्रत्येकापुढे किमतीची पाटी. "हे बरं आहे. पाहणी रस्त्यावरच होऊन जाते." ते एकेका काचेसमोर दहा दहा मिनिटं उभे राहायचे आणि आत न जाता तृप्त होऊन पुढे चालू लागायचे. येनचे रुपये करायचं सूत्रही त्यांनी बसवलं होतं : निम्मे करा आणि वर थोडे घाला. हे 'थोडे' काकू किती महाग वस्तू बघते आहे त्यावर ठरायचं.

शिंजुकुला नाकामुराया हॉटेलासमोर मात्र त्यांनी चप्पल काढायचीच काय ती बाकी ठेवली. इंग्रजांच्या हातून निसटून जपानला आलेले रासबिहारी बोस याच हॉटेलच्या मालकांचे जावई झाले आणि १९२७ साली त्यांच्यामुळे इथे अस्सल भारतीय पद्धतीची करी मिळू लागली, हे सांगितल्यावर काकांनी रस्त्यात उभं राहून हात जोडले. "आत जायचं?" मी विचारलं. "नको. नमस्कार क्रांतिकारकाला केला. करी खायला जपानला कोण येतं?"

मग आम्ही निक्कोला गेलो. तोशोगू देवळाच्या तबेल्यावरची तीन माकडं बघून काका म्हणाले, "गांधीजींची माकडं इथे?" ही सतराव्या शतकातली आहेत म्हटल्यावर त्यांनी ती पुन्हा एकदा, आता मूळ प्रत म्हणून, तपासली. मुक्काम जवळच्या किनुगावाला, नदीच्या काठावर गरम पाण्याच्या झऱ्यांची हॉटेलं आहेत त्यातल्या एकात. आणि तिथे काकांच्या आयुष्यातला सगळ्यांत अवघड बुफे त्यांची वाट बघत होता.

अवघड अशासाठी, की त्याला किंमत नव्हती. अशा हॉटेलांत खोली, आंघोळ, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांचा मिळून माणशी एकच आकडा असतो. काका हबकले. जेवणाचा आकडा कळल्याशिवाय जेवायचं किती? खोलीत चटईवर मांडी घालून त्यांनी हॉटेलच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर विभागणी सुरू केली. खोलीचे इतके, खोलीत पलंग नाही, गाद्या जमिनीवर, म्हणून त्यातून इतके वजा. खिडकीतून नदी दिसते, त्याचे इतके अधिक. नाश्ता अंदाजे इतका. आंघोळीपाशी गाडी अडली. मग बिलात स्नानकर म्हणून माणशी दीडशे येन वेगळे लावलेले त्यांना सापडले आणि चेहरा उजळला. "म्हणजे आंघोळीचा भाव दीडशे! तीन वेळा केली तर पन्नासला एक पडते." पहिली त्यांनी लगेच, चार वाजता, उरकली. सगळ्या परक्या पुरुषांत अंगावर एक चिंधी न ठेवता उतरायचं, या कल्पनेने सकाळपासून धास्तावलेला माणूस पन्नास येनांचा हिशेब डोक्यात धरून ताठ मानेने पाण्यात उतरला.

जेवायला युकाता घालून जायची तिथे पद्धत. सुती झगा आणि कमरेला पट्टा. काका बाहेर आले ते उजवा पदर वर घेऊन. लिफ्टजवळ हॉटेलातल्या एक वयस्क बाई त्यांना बघून दचकल्या, तीनदा वाकल्या आणि बोलता बोलता त्यांनी काकांचा पदर उलटा करून पट्टा बांधूनही टाकला. डावा पदर वर हवा. उजवा वर घेऊन फक्त मेलेल्या माणसाला गुंडाळतात, असं मी सांगितलं. काका गंभीर झाले. "बरं झालं वेळेवर सांगितलंस. मयताला बुफेत घेतलं नसतं." पट्टा मात्र त्यांना फार आवडला. "जेवायला असाच पोशाख हवा. पाहिजे तितका सैल होतो."

साडेपाचला जेवण. सात वाजता संपलं पाहिजे, पुढच्या तुकडीची वेळ. दीड तास, त्यातही शेवटची वीस मिनिटं उरली की तशी सूचना. मला वाटलं काका चिडतील. पण मुदत, शेवटची तारीख, सूचना हे सगळं बघून त्यांना घरी आल्यासारखं झालं. दारात बाईंनी टेबलाचा नंबर दिला आणि एक पुठ्ठ्याचं कार्ड. एका बाजूला 'जेवण चालू आहे', दुसऱ्या बाजूला 'जेवण झालं'. उठून गेलात तर कार्ड टेबलावर ठेवायचं, कोणी बसत नाही, कोणी ताट उचलत नाही. काकांनी कार्ड ठेवलं. मग कार्डावर रुमालही ठेवला.

जपानमध्ये बुफे आला कधी, हे त्यांनी विचारणं क्रमप्राप्त होतं. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात १९५८ साली, मी म्हटलं. तिथल्या अध्यक्षांनी डेन्मार्कमध्ये टेबलावर मांडलेलं जेवण बघितलं आणि इकडे येऊन तसं सुरू केलं. नाव ठेवलं 'इम्पीरियल वायकिंग', आणि अजूनही इथे बुफेला लोक 'बाइकिंगु'च म्हणतात. रात्रीच्या जेवणाला तेव्हा सोळाशे येन पडायचे.

"आणि पगार?"

"नव्या पदवीधराचा महिन्याचा तेरा हजारांच्या आसपास."

काकांचे ओठ हलले. "आठवा हिस्सा! एका जेवणाला पगाराचा आठवा हिस्सा. त्या माणसांनी काय जेवण केलं असेल!" त्या अनाम पदवीधरांबद्दल त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. त्याच वर्षी ओसाकाकडे पहिलं फिरत्या पट्ट्यावरचं सुशीचं दुकान निघालं, हे ऐकून ते म्हणाले, "ते मला नको. माल आपल्यासमोरून फिरतो, म्हणजे पाहणी आपण बसून करायची. शिस्त राहत नाही."

शिस्तीची पाहणी सुरू झाली. ताटाच्या जागी नऊ कप्प्यांचा चौकोनी ट्रे बघून काका खूश झाले; प्रत्येक रकमेला स्वतंत्र रकाना. पण पाट्या जपानी, त्यामुळे मला बरोबर घ्यावं लागलं.

"हे?"

"कोन्याकू. एका कंदापासून करतात."

"कंद. पुढे."

"तेंपुरा."

"भजी. पुढे. थांब, त्यात कोळंबी आहे. टीप करून ठेव."

"हा कोशिंबिरीसारखा..."

"पुढे."

एका टोकाला तव्यावर मांसाचे तुकडे परतत होते, रांग लागली होती. ते गाईचं म्हटल्यावर काकांनी एक उसासा सोडला. हॉलमधली सगळ्यांत महाग बाब खात्यातून वजा झाली होती. पुढे बर्फावर कच्च्या माशाचे काप. कोकणात जन्म गेला, सुरमईशिवाय रविवार नाही. पण मासा शिजवल्यावर. लालभडक ट्यूनापुढे ते बराच वेळ उभे राहिले. एकीकडे संस्कार, एकीकडे भाव. "बाहेर हे किती पडतात?" मी सांगितलं. त्यांनी सहा काप घेतले. डोळे मिटून एक तोंडात घातला, गिळला, आणि निकाल दिला : "चव लागत नाही, पण किंमत लागते."

आणि मग खेकडे. जपानी सहलीच्या हॉटेलांत या खेकड्यांसाठी लोक लांबून येतात. बर्फावर लालसर, लांब तंगड्यांचा डोंगर, शेजारी कात्र्या आणि बारीक काटे. आसपासच्या टेबलांवर खेकडे सोलणारी माणसं होती आणि त्या भागात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. नवरा-बायको, आजी-नातवंडं, सगळी मान खाली घालून कामात. काकांनी डोंगराकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "खेकडा तिसऱ्या फेरीत. मुख्य हल्ला." पाहणी संपली तेव्हा वीस मिनिटं होऊन गेली होती.

या वीस मिनिटांत काकू सगळीकडचा एकेक चमचा घेऊन टेबलावर येऊन बसलीसुद्धा होती. काकू रत्नागिरीच्या मासळी बाजारात ज्या नजरेने फिरते तीच नजर तिने इथे आणली होती. कच्च्या माशाच्या टेबलापाशी तिने मला विचारलं होतं, "याचं डोकं कुठंय? डोळा आणि कल्ले बघितल्याशिवाय ताजा म्हणायचा कसा?" मीठ लावून भाजलेल्या साबावर मात्र ती झडप घालून आली होती. "अरे, हा आपला बांगडा! जरा गोरा आहे एवढंच." मिसो सूपचा एक घोट घेऊन ती थांबली. "यात काहीतरी सुकं आहे." आहेच. सुकवलेल्या मोठ्या माशाच्या किसाचं पाणी इथल्या अर्ध्या स्वयंपाकाच्या मुळाशी असतं. मी ते सांगितल्यावर ती समाधानाने म्हणाली, "मग एवढं काय जपानी जपानी करता? सुकटीशिवाय आमटीला चव येते का कुठे?" तेंपुरा तळणाऱ्या आचाऱ्याशी तिचं मराठीतून काय बोलणं झालं ते मला कळलं नाही; पण कढईतून काढलेल्या दोन कोळंब्या त्याने तिला थेट हातावर दिल्या होत्या.

काका पहिला ट्रे भरून आले. बसले. घास उचलला आणि शेजारून आवाज आला.

"अहो, हे जरा बघा तुम्ही."

झाकणाच्या पेल्यातलं पिवळसर, लुसलुशीत काहीतरी. काकूने ते कॅरॅमल कस्टर्ड समजून घेतलं होतं. चमचा आत घातला तर तळाला कोळंबी आणि एक बी निघाली. चावानमुशी, अंड्याची उकड, पण तिखटमिठाची, गोड नव्हे. काकांनी खाल्ली. मग कोन्याकू आला. काका बराच वेळ चावत होते. मग निक्कोची खासियत म्हणून ठेवलेला युबा, सोयाबीनच्या दुधावरची साय. "साय आहे, पण दुधाची नाही," असा शेरा मारून काकूने ती नवऱ्याच्या सातव्या कप्प्यात सरकवली. पाठोपाठ भोपळ्याची भजी, आंबट समुद्रशेवाळ, कसलासा गोडसर मुळा. लाल चवळीसारख्या दाण्यांचं सारण भरलेला मोचीचा गोळा मात्र गेला नाही. "पुरण आहे," म्हणून तिने तो स्वतःच ठेवून घेतला.

काका दुसऱ्या फेरीला उठले, परतले, पुन्हा तेच. महागाचं आणायला जायचं आणि येऊन स्वस्तातलं संपवायचं. पट्टा एकदा सैल झाला, दुसऱ्यांदा झाला.

मधल्या एका फेरीत काका तिकडे असताना काकू मला म्हणाली, "अरे, त्या कुर्ल्या आण बघू चार." आणल्या. तिने एक तंगडी हातात घेतली. "गार का?" इथे गारच असतात म्हटलं. तिने पर्समधून औषधाची असावी अशी एक डबी काढली, आजूबाजूला बघितलं आणि घरचं तिखट-मीठ चिमूटभर बशीत ओतलं. वर लिंबू. मग बाह्या सावरल्या.

कात्री तिने बाजूला सारली. सांध्यावर अंगठा, एक हलकी कट, आणि आतलं मांस अख्खंच्या अख्खं बाहेर. ना चिंधी, ना तूस. दुसरी, तिसरी. मी जात होतो आणि आणत होतो. हॉटेलच्या मुलीने कवचांचं भांडं उचलून दुसरं ठेवलं, थोड्या वेळाने तेही बदललं. शेजारच्या टेबलावरच्या जपानी आजींनी आपली कात्री खाली ठेवली आणि त्या उघडउघड बघत बसल्या. शेवटी न राहवून मला काहीतरी म्हणाल्या. "तुझा हात फार बसलेला आहे म्हणतात," मी काकूला सांगितलं. काकू संकोचली. "कुर्ल्या खायला कसलं आलंय शिक्षण? त्यांना म्हणावं, नांगी आधी फोडा." मी भाषांतर केलं. आजींनी नांगी आधी फोडली.

या माउलीला मी इतकी वर्षं जेवताना बघत आलो, पण बसून खाताना क्वचित. घरी कुर्ल्यांचं कालवण असलं की तिच्या वाट्याला रस्सा आणि मधला भाग. तंगड्या आणि नांग्या आम्हा मुलांना, आणि पंगत उठल्यावर उरलं ते तिला. इथे कोणाला वाढायचं नव्हतं आणि चुलीवर काही उतू जात नव्हतं. ती खात होती. चवीपुरतं वगैरे काही नाही, मनापासून.

सात वाजायला वीस मिनिटं असताना सूचना झाली. काका घाईघाईने डोंगरापाशी गेले आणि चार तंगड्या घेऊन आले. मुख्य हल्ला. पहिली तंगडी हातात धरून ते बसून राहिले. पोटात चावानमुशी, कोन्याकू, युबा, भोपळा, समुद्रशेवाळ आणि मुळा यांनी आपापल्या जागा धरल्या होत्या. काकांनी माझ्याकडे बघितलं. घेतलेलं टाकायचं नाही. भिंतीवरच्या पाटीवरही तेच लिहिलं होतं, खाल तेवढंच घ्या. जपानने तर अन्नाची नासाडी कमी करायला २०१९ साली कायदाच केलाय. काकांच्या कपाळावर घाम आला.

काकूने डोकं वर केलं नाही. "आणा इकडे."

चार तंगड्या काकांच्या ताटातून काकूच्या ताटात गेल्या. या दोघांच्या संसारात ताटातला माल उलट दिशेने जाताना मी पहिल्यांदाच बघितला.

मग उरलेल्या मिनिटांत काका हळूच उठले आणि एका वाडग्यात थोडा भात आणि वर करी घेऊन आले. जपानी करी, दाट, गोडसर, बाजूला लाल लोणचं. मी काही बोललो नाही. "रासबिहारींची नव्हे ही," काका स्वतःच म्हणाले, "पण भात पोटात गेल्याशिवाय जेवलो असं वाटत नाही." आणि फार समाधानाने जेवले.

खोलीत आल्यावर पॅड निघालं. काकांनी आपलं खाणं मांडलं : ट्यूना सहा, कोळंबी तीन, बाकी किरकोळ. बेरीज केली. पुन्हा वरून खाली केली. मोठी तूट होती. मान हलवून ते म्हणाले, "नाही वसूल झालं." तेव्हा मी काकूच्या खेकड्यांचा हिशेब सांगितला, हॉटेलच्या मुलीने बदललेल्या भांड्यांसकट. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खेकड्याचा बाजारभाव मला दोनदा विचारून घेतला. आकडे लिहिले, बेरीज केली आणि तिच्याखाली पट्टी न घेता सरळ दोन रेघा मारल्या.

"जमलं! वर शिल्लक आहे."

"पण खाल्लं काकूने," मी म्हटलं.

"मग? जॉइंट खातं आहे आमचं. आयदर ऑर सर्व्हायव्हर. कोणीही काढलं तरी चालतं."

काकू गादीवर आडवी झाली होती. डोळे न उघडता म्हणाली, "हो ना. काढलं मी आणि भरणा सगळा तुमच्या पोटात."

काकांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते उठून टॉवेल शोधत होते.

"अहो, आता कुठे? भरल्या पोटी आंघोळ करतात का कोणी?"

"पोट भरलंय तसा करही भरलाय," असं म्हणून काका डावा पदर नीट वर घेत पन्नास येनांच्या दुसऱ्या आंघोळीला निघाले.